आजीची पाण्याची बाटली आणि अटारीचे फाटक

दिघ्याच्या विष्णुनगरातून उठून पंजाबच्या सरहद्दीवर जायचे, ही कल्पना काही आमची नव्हे. आमच्या घरात सहल म्हटली की चैत्यभूमी, दीक्षाभूमी, महाड, आणि पैसे असतील त्या वर्षी वेरूळ-अजिंठा. मुलांना माथेरान हवे असते, ते दरवर्षी पुढे ढकलले जाते. परंतु २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीआधी आजीने हट्टच धरला. "माज्या बापसानं जिथं लोकांना पानी पाजलं, ती जागा मला एकदा दाखवा. मंग काय मागायची नाय."

आजीचे वय सत्त्याहत्तर. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले. त्यात त्या वर्षी एप्रिलमध्ये पहलगामला २६ माणसे मारली गेली. डोंबिवलीची तिघे आणि पनवेलचे एक त्यात होते, म्हणजे आपल्या लोकलच्या वाटेवरचीच माणसे. मे महिन्यात दोन्ही देशांत तोफा चालल्या. अशा वर्षी सरहद्दीवर कशाला जायचे, असे शेजारीपाजारी म्हणाले, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटत होते. पण आजीपुढे कोणाचे चालत नाही. महिला मंडळाच्या भिशीचा नंबर तिने स्वतः मागून घेतला आणि पैसे आमच्या हातात ठेवले.

आजीचे वडील खेड तालुक्यातले. १९४२ साली ते महार पलटणीत भरती झाले. वाचकांना ठाऊक आहेच की पहिल्या महायुद्धात उभारलेली महारांची पलटण १९२१ साली मोडून टाकण्यात आली होती, आणि लष्कराचे दार आपल्या माणसांना बंद झाले होते. ते उघडावे म्हणून बाबासाहेबांनी सरकारदरबारी सतत आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. कोकणातल्या खेड्यापाड्यांतून पोरे भरतीला धावली, त्यात हेही एक. पोटाला मिळत होते, अंगावर वर्दी येत होती, आणि गावच्या पाटलासमोरून ताठ मानेने जाता येत होते, एवढी कारणे पुरेशी होती.

फाळणीच्या वेळी महार रेजिमेंटच्या तिन्ही पलटणी पंजाब बाउंडरी फोर्समध्ये होत्या. हे सीमादल १ ऑगस्ट १९४७ ला कामाला लागले आणि महिनाभरातच मोडीत निघाले, कारण आग एवढी पसरली होती की ती त्याच्या आवाक्यात राहिली नव्हती. निर्वासितांच्या काफिल्यांना सांभाळून पलीकडे नेणे आणि अलीकडे आणणे हे काम या जवानांनी केले. आजीचे वडील त्या कामावर होते. परत आल्यावर त्यांनी त्या दिवसांबद्दल घरात फारसे काही सांगितले नाही. आजीला आठवतात त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे, ते विहिरीत कधी वाकून पाहत नसत. बौद्धवाडीतल्या विहिरीवरून पाणी काढायचे काम लहानपणापासून आजीच्या अंगावर पडले ते त्यामुळे. बाप विहिरीपासून दहा हात लांब उभा राहायचा आणि पोरीला म्हणायचा, "खाली बघू नको, नुसता दोर वढ." दुसरी गोष्ट त्यांनी एकदाच, आजीच्या लग्नाच्या आदल्या रात्री सांगितली. काफिल्यातली बायामाणसे पाणी मागायची. जवान आपल्या बाटलीतले पाणी ओंजळीत ओतायचे. कोणी विचारले नाही की तुम्ही कोण. पितळेचे कडे घातलेले म्हातारे सरदारही प्यायले, शेंडीवालेही प्यायले. "गावी आलो आनि मंग पुन्हा सगल्यांनी इचारलं," एवढे बोलून ते झोपायला गेले.

ती बाटली आजीकडे आहे. पत्र्याची, आतून मुलामा दिलेली, बाहेर खाकी नमद्याचे आवरण, तोंडाला बूच. लष्कराची वस्तू घरी कशी राहिली ते कोणास ठाऊक. नमदा जागोजागी विरला आहे. खेडहून मुंबईला, मुंबईहून दिघ्याला बिऱ्हाड आले तेव्हा भांडी मागे राहिली, पण बाटली आली. ती घेऊनच अटारीला जायचे, ही आजीची दुसरी अट.

तर आम्ही दोघे, दोन मुले, आजी आणि आमचे दादा, असे सहा जण निघालो. दादा तुर्भ्याच्या धान्य बाजारात माथाडी कामगार होते, आता निवृत्त आहेत. दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाल्यापासून आम्हाला ठाणे गाठायला रिक्षा लागत नाही, ही केवढी सोय आहे ते सामान आणि म्हातारे माणूस बरोबर असले की कळते. ठाण्याहून दादर, दादरहून मुंबई सेंट्रल. तिथून अमृतसरची गोल्डन टेम्पल मेल.

या गाडीला जुनी माणसे अजून फ्रंटियर मेल म्हणतात. फ्रंटियर म्हणजे सरहद्दच. १९२८ साली ती सुरू झाली तेव्हा मुंबईहून थेट पेशावरपर्यंत जात असे. फाळणीनंतर रूळ तेच राहिले, पण गाडी अमृतसरला थांबू लागली. १९९६ साली तिचे नाव बदलले. आजीचे म्हणणे असे की तिचे वडील हिनेच गेले असणार. आम्ही तिला विरोध केला नाही. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि उकडलेली अंडी यांवर एक रात्र आणि पुढचा अख्खा दिवस काढला. बोंबलाचा डबा उघडला तेव्हा समोरच्या बाकावरचे कुटुंब वरच्या बर्थवर गेले, तो भाग निराळा.

अमृतसरला सकाळी आधी टाऊन हॉलमध्ये गेलो. तिथे २०१७ साली फाळणीचे संग्रहालय उघडले आहे. लोकांनी दिलेल्या वस्तू तिथे आहेत. ट्रंका, शिवलेले कपडे, कागदपत्रे, घराची कुलुपे असे पाहत पाहत पुढे सरकत होतो, आणि एका दालनात आजी एकदम थांबली. समोर विहीर होती.

खरी विहीर नव्हे, संग्रहालयात बांधलेली. फाळणीच्या दंगलींत कित्येक स्त्रियांनी अब्रू जाण्याच्या भयाने विहिरीत उड्या घेतल्या, कित्येकींना घरच्याच माणसांनी ढकलले. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावी नव्वदच्या आसपास बायकांनी एकाच विहिरीत जीव दिला. त्यांच्या स्मरणार्थ ती विहीर केलेली आहे. हे सारे आम्ही आजीला हळू आवाजात सांगितले. ती ऐकत होती की नाही ते कळेना. तिने विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला आणि वाकून आत पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "आत्ता समजलं." धाकट्याने विचारले, काय समजलं आजी? तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, उत्तर दिले नाही. बाहेर बाकावर बसल्यावर पाणी मागितले आणि घोटभरच प्यायली.

अमृतसरला बाबासाहेब येऊन गेले आहेत, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगितले. येवल्याच्या घोषणेनंतर, एप्रिल १९३६ मध्ये, शीख मिशनच्या परिषदेला ते इथे आले होते. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण लिहून तयार झाले, छापायला गेले. मंडळाला त्यातला मजकूर सोसेना, काही भाग गाळा म्हणून पत्रे सुरू झाली. बाबासाहेबांनी एक शब्द बदलायला नकार दिला, आणि मंडळाने अधिवेशनच रद्द केले. मग ते न झालेले भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. तेच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. ज्या लाहोरला ते व्हायचे होते ते अटारीच्या फाटकापासून पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. पनवेल आपल्याला जेवढे दूर, साधारण तेवढेच. आमच्या मुलीने विचारले, मग आज तिथे जाऊन ते भाषण वाचता येईल का? आता यावर काय बोलणार?

दुपारी एका सामायिक टॅक्सीने अटारीला निघालो. अमृतसरहून रस्ता तीस किलोमीटरच्या आतला. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली, कापलेल्या शेतांतल्या धुराने हवा करडी झालेली. लोक वाघा बॉर्डर म्हणतात, पण वाघा हे पलीकडचे गाव, आपले ते अटारी. शीख सरदार शामसिंग अटारीवाले यांचे हे गाव. इंग्रजांशी लढताना ते १८४६ साली सोब्राओंच्या रणात पडले.

ही सरहद्द आखली कोणी? सिरिल रॅडक्लिफ नावाच्या इंग्रज वकिलाने. हा गृहस्थ त्याआधी हिंदुस्थानात कधी आला नव्हता. ८ जुलै १९४७ ला आला आणि पाच आठवड्यांत पंजाब व बंगाल कापून मोकळा झाला. स्वातंत्र्य आले १५ ऑगस्टला आणि रेघ कुठून गेली हे लोकांना कळले १७ ऑगस्टला. मधले दोन दिवस आपण कोणत्या देशात आहोत हे कित्येक गावांना ठाऊक नव्हते. सव्वा ते दीड कोटी माणसे घरातून उठली. तुलना फार लहान आहे, पण नकाशावरची रेघ म्हणजे काय हे दिघ्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. २०१५ साली न्यायालयाच्या आदेशानंतर दिघ्यातल्या बेकायदा ठरलेल्या इमारती पाडायला सुरुवात झाली, तेव्हा आपली भिंत रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे विचारत लोक कागद हातात घेऊन रात्र रात्र जागले होते.

या रेघेने बाबासाहेबांनाही सोडले नाही. १९४६ साली मुंबई प्रांतातून त्यांना घटना समितीवर जाऊ दिले गेले नाही, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या नमोशूद्र बांधवांनी त्यांना तिकडून निवडून दिले. वर्षभरात बंगालची फाळणी झाली आणि ती जागा गेली. जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. ज्या मंडलांनी त्यांना निवडून आणले ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात परत आले. दोन देशांचे पहिले कायदामंत्री आपल्यातले. शाळेच्या पुस्तकात हे एका पानावर कुठे लिहिलेले आम्हाला तरी दिसले नाही.

अटारीला गाडी बरीच अलीकडे थांबवतात. तिथून चालत जायचे. तपासणी एकदा नव्हे, अनेकदा होते. ज्या कुटुंबांना जायचे असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो : प्रवेशाला तिकीट नाही, पण ओळखपत्र बरोबर ठेवावे. दोन तास आधी पोहोचावे, कारण वेळ ऋतूप्रमाणे सूर्यास्तावर ठरते. पिशवी, बॅग काहीही आत नेऊ देत नाहीत, सामान ठेवणारी दुकाने बाहेर आहेत, त्यांचा दर आधी विचारावा. फोनला आत रेंज मिळत नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आधीच ठरवावे. आणि गालावर तिरंगा रंगवणारी पोरे मागे लागतात, त्यांना एकदा नाही म्हटले की पुरत नाही. धाकट्याने दोन्ही गाल रंगवून घेतले.

पहिल्याच तपासणीला बाटली अडली. पत्र्याची वस्तू, आतले काही दिसत नाही, वर कापड गुंडाळलेले, अडवणारच. आजी बाटली छातीशी धरून उभी. मागे रांग वाढत चाललेली. तपासणारा जवान हिंदीत समजावत होता, "माताजी, अलाउड नहीं है." आजी कोकणीत त्याला सांगत होती की ही सरकारचीच हाय. एवढ्यात शेजारचा दुसरा जवान पुढे आला आणि मराठीत म्हणाला, "आजी, कुठनं आलात?" वऱ्हाडाकडचा मुलगा. त्याने बाटली हातात घेतली, उलटी करून पाहिली, बूच काढून वास घेतला. आजीच्या गळ्यातल्या बाबासाहेबांच्या लॉकेटकडे त्याची नजर गेली. आवाज खाली आणून तो म्हणाला, "जय भीम, आजी. पण हे मला सोडता येणार नाही. नियम आहे. माझी आई असती तरी नसतं सोडलं." आजीने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बरोबर हाय बाळा. माजा बापूस बी नसता सोडला."

दुकानदाराकडे ती बाटली ठेवायला तिचे मन होईना. शेवटी दादाच म्हणाले, मी बाहेर बसतो, तुम्ही जाऊन या. आम्ही पुष्कळ आग्रह केला, पण ते बाटली खांद्याला अडकवून चहाच्या टपरीकडे चालायला लागलेही.

आतला देखावा बहुतेकांनी टीव्हीवर पाहिलेला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मोठ्या गॅलऱ्या, वर ४१८ फुटांचा ध्वजस्तंभ, कर्ण्यावर गाणी, आणि आमच्या समोरच बायका-मुली रस्त्यावर उतरून नाचत होत्या. आमची मुलगीही उतरली. आजीला पायऱ्या चढवेनात, तेव्हा एका महिला जवानाने तिला खालच्या पायरीवर जागा करून दिली. सीमा सुरक्षा दलात २००९ पासून मुली सरहद्दीवर आहेत, आणि संचलनात पहिली पावले त्यांचीच पडतात. १९५९ पासून हा ध्वज उतरवण्याचा सोहळा रोज होत आला आहे. सहा-सहा फुटी जवान लाल तुऱ्याच्या पगड्या घालून धाडधाड चालत येतात, पाय कपाळापर्यंत उचलतात, आणि पलीकडे काळ्या पोशाखातले रेंजर्स तेच करतात. पाय आपटून जवानांचे गुडघे निकामी होऊ लागले, म्हणून २०१० मध्ये दोन्ही बाजूंनी हा आवेश थोडा कमी करायचे ठरवले होते. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आदी नाय समजलं व्हय?" गुडघ्यांच्या बाबतीत तिचा अधिकार मोठा आहे.

पूर्वी या सोहळ्यात फाटके उघडत आणि दोन्हीकडचे अधिकारी हस्तांदोलन करत. पहलगामनंतर ते बंद झाले. मे महिन्यात सुमारे दोन आठवडे प्रेक्षकांनाही बंदी होती. आम्ही गेलो तेव्हा फाटक बंदच राहिले. फाटकाच्या गजांतून पलीकडची गॅलरी दिसत होती, तिथलीही मुले झेंडे हलवत होती. याच पलीकडच्या बाजूला २ नोव्हेंबर २०१४ रोजी सोहळा संपवून घरी निघालेल्या लोकांत आत्मघाती स्फोट झाला आणि साठच्या आसपास माणसे गेली. तीही अशीच पोरेबाळे घेऊन सुट्टीच्या दिवशी आलेली कुटुंबे होती. घोषणा आम्हीही दिल्या. घसा बसेपर्यंत दिल्या. ध्वज उतरताना अंगावर काटा आला, ते खोटे सांगणार नाही. पण मधल्या एका क्षणी शेजारचा एक तरुण पलीकडच्या लोकांना उद्देशून आयाबहिणींवरून ओरडू लागला, तेव्हा सकाळची ती विहीर डोळ्यांपुढे आली आणि आमचा आवाज खाली बसला.

आजी सगळा वेळ रस्त्याकडे पाहत होती. संचलनाकडे नव्हे, रस्त्याच्या डांबराकडे. याच ग्रँड ट्रंक रोडवरून काफिले आले होते.

सोहळा संपला, गर्दी दाराकडे वळली. आम्ही आजीसाठी मागे थांबलो म्हणून पुढचे दिसले. गॅलऱ्या रिकाम्या होताच झाडू घेतलेल्या बायका आणि दोन-तीन पुरुष आले आणि मक्याच्या लाह्यांची पाकिटे, बाटल्या, कागदी झेंडे गोळा करू लागले. कोण होते, कुठल्या समाजाचे, आम्ही विचारले नाही. विचारायची गरज आपल्याला पडत नाही.

१९४७ साली कराचीतून आणि पाकिस्तानातल्या इतर शहरांतून जाऊ इच्छिणाऱ्या सफाई कामगारांना तिथल्या सरकारने अडवून धरले. कारण काय, तर त्यांचे काम अत्यावश्यक सेवा आहे. सावकार, व्यापारी, वकील निघून गेले तरी चालत होते, पण शहराची घाण कोण उचलणार? बाबासाहेब तेव्हा भारताचे कायदामंत्री. तिकडे अडकलेल्या अस्पृश्य बांधवांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे असे आवाहन त्यांनी केले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून हा प्रश्न मांडला. अलीकडे आलेल्या अस्पृश्य निर्वासितांचेही हाल होते. छावण्यांत आणि जमिनीच्या वाटपात त्यांना मागे ठेवले जात होते, कारण ज्याच्या नावावर पलीकडे जमीनच नव्हती त्याला अलीकडे भरपाई कशाची द्यायची? हेही त्यांनी सरकारपुढे मांडले. मुलीला हे सांगत असताना झाडणारी एक बाई आमच्याजवळ आली आणि आजीच्या पायाजवळचा कागदी झेंडा उचलला. तो तिने पोत्यात टाकला नाही, घडी करून कमरेला खोचला.

बाहेर आलो तर दादांच्या टेबलावर पाच-सहा माणसे जमलेली. दादांना मराठीशिवाय बाजारातली हिंदी तेवढी येते, पण हमालाला हमाल ओळखू येतो. मानेवरचा घट्टा पाहूनच दादांनी त्या माणसाला विचारले होते, "कितने साल उठाया?" तो अटारीच्या मालनाक्यावर हमाल होता. त्याचा बाप तर त्याहून जुना. २००७ च्या ऑक्टोबरपर्यंत ट्रक सरहद्द ओलांडत नसत. माल उतरवून हमाल तो डोक्यावर घेत, शून्य रेषेपर्यंत चालत जात, आणि तिथे पलीकडच्या हमालाच्या डोक्यावर पोते देत. डोक्यावरून डोक्यावर. बोलायला बंदी, पण पोते देताना "संभल के" म्हणायला कोणी हरकत घेत नसे, असे त्याचा बाप सांगायचा. नाशिकचा टोमॅटो याच वाटेने जायचा, हे दादांनी तुर्भ्याला ऐकलेले होते. ते दोघे त्यावर बराच वेळ बोलले.

२०१२ साली इथे मोठा एकात्मिक नाका झाला. चौदाशेहून अधिक हमालांचे पोट त्यावर होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर आपल्या सरकारने पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला. राहिला अफगाणिस्तानचा सुकामेवा. एप्रिल २०२५ मध्ये नाकाही बंद करण्यात आला. दादांनी विचारले, फंड? पेन्शन? आपल्याकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे, मंडळ आहे, निदान हक्काचे चार पैसे हातात येतात. त्या माणसाने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि हसला. आता तो हंगामात मंडईत भाताची पोती उचलतो आणि एरवी तारेपलीकडच्या शेतात मजुरीला जातो.

तारेपलीकडची शेती म्हणजे काय, हेही त्यानेच सांगितले. काटेरी कुंपण अगदी सरहद्दीवर नाही, थोडे आत आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी ते घालायला सुरुवात झाली. कुंपण आणि खरी सीमा यांच्यामध्ये आपल्याच शेतकऱ्यांची हजारो एकर जमीन अडकली आहे. तिथे जायचे तर ओळखपत्र दाखवून फाटकातून, ठरलेल्या वेळात, जवानांच्या पहाऱ्यात. उंच वाढणारे पीक घ्यायचे नाही, कारण त्याआड माणूस लपतो. वेळ संपली की पेरणी अर्धी असो की कापणी, परत फिरायचे. त्यातून ऑगस्ट २०२५ मध्ये रावीला पूर आला आणि अजनाळ्याकडच्या शेतांत गाळ भरला. जमीनमालकाला निदान पंचनाम्याचा कागद मिळतो. मजुराच्या नावावर काय वाहून गेले म्हणून लिहिणार? पंजाबात २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जातींची लोकसंख्या जवळजवळ ३२ टक्के आहे, देशात सर्वांत जास्त. जमीन मात्र फारच थोड्यांच्या नावावर. तो माणूस मजहबी शीख होता, हे त्याने स्वतःहून सांगितले. दादांनी आपले नाव-गाव सांगितले तेव्हा त्याने दोन्ही हात जोडून बाबासाहेबांचे नाव घेतले. त्याच्या घरी तसबीर आहे म्हणाला.

अंधार पडत चालला होता, टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. दादांनी खांद्यावरची बाटली काढून आजीच्या हातात दिली. ती जड लागली म्हणून आजीने दचकून पाहिले. नमदा ओला होता.

"यात काय भरलंस?"

"पाणी," दादा म्हणाले. "टपरीवरच्या नळाचं. दोनदा खळबळून घेतली. त्यांना तहान लागली होती, मलाही लागली होती. ग्लास उष्टे पडले होते सगळे."

"मंग?"

"प्यायलो. आधी ते, मग मी."

आजीने बूच काढून आत पाहिले, मग बाटली कानाशी धरून हलवली. त्या हमालाकडे पाहिले. तो पगडी सावरत उभा राहिला होता, आपले काही चुकले की काय अशा चेहऱ्याने.

"गळत नाय अजून?" आजीने विचारले.

"नाही, आई. एक थेंब नाही."